पैसे ऑफिशियल रिसीव्हरला, बिल मात्र तुम्हाला: दिवाळखोरीनंतर क्लेम कंपनीने मागितलेली फी भरायची का?

इंग्लंड किंवा वेल्समध्ये दिवाळखोरी पत्करलेल्या माणसाला काही वर्षांनी क्लेम कंपनीचं, म्हणजे फी घेऊन लोकांच्या वतीने भरपाईचे दावे चालवणाऱ्या कंपनीचं, एक पत्र येतं. मजकूर साधारण असा: ‘अभिनंदन! तुमचा दावा यशस्वी झाला आहे. बँकेने 4,000 पौंड मंजूर केले आहेत. आमची फी 20 टक्के म्हणजे 800 पौंड, त्यावर व्हॅट 160 पौंड, एकूण 960 पौंड. कृपया 14 दिवसांत भरावेत.’ खातं उघडून बघावं तर त्यात काहीच जमा नाही. बँकेला फोन केला की कळतं, पैसे केव्हाच ऑफिशियल रिसीव्हरकडे, म्हणजे दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे गेले. म्हणजे भरपाई एकाला आणि बिल दुसऱ्याला.

ज्याचं एकदा दिवाळं निघालं आहे, तो माणूस अशा लिफाफ्याला फार घाबरतो. पुन्हा वसुलीवाले, पुन्हा कोर्ट, पुन्हा क्रेडिट रेकॉर्डवर डाग, या विचारानेच तो कुणाकडून तरी उसने घेऊन बिल भरून टाकतो. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं, कारण बऱ्याच वेळा ही फी भरण्याची गरजच नसते. ‘बऱ्याच वेळा’ म्हणतो आहे, ‘नेहमी’ नाही. तुमचं प्रकरण कुठे बसतं, हे काही तारखांवरून ठरतं. त्या हाताशी असतील तर कंपनीशी बोलताना आवाज कापत नाही.

मुळात हे पैसे तुमचे का नव्हते?

यातली सर्वाधिक प्रकरणं पीपीआयची, म्हणजे पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्सची. कर्ज, क्रेडिट कार्ड, गृहकर्ज यांच्याबरोबर हा विमा गळ्यात मारला जायचा. आजारी पडलात किंवा नोकरी गेली, तर हप्ते विमा कंपनी भरेल, असं सांगितलं जायचं. प्रत्यक्षात स्वतःचा धंदा करणाऱ्यांना, आधीपासून आजार असलेल्यांना त्याचा उपयोग होण्यासारखा नसे, आणि कित्येकांना आपण विमा घेतला आहे हेही ठाऊक नसे. एप्रिल 2011 मध्ये बँका उच्च न्यायालयात हरल्या आणि भरपाईचे दरवाजे उघडले. 38 अब्ज पौंडांहून जास्त रक्कम लोकांना परत गेली. तक्रार करायची शेवटची तारीख 29 ऑगस्ट 2019 होती. तक्रार थेट बँकेकडे, एक पैसाही न देता करता येत होती. तरी लाखो लोक क्लेम मॅनेजमेंट कंपन्यांमार्फत गेले, कारण फोन त्यांनीच आधी केला होता.

आता कायदा बघू. इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट 1986 प्रमाणे दिवाळखोरीचा हुकूम झाला की तुमची मालमत्ता ट्रस्टीच्या नावावर जाते. ट्रस्टी म्हणजे बहुतेक वेळा ऑफिशियल रिसीव्हरच. तो इन्सॉल्व्हन्सी सर्व्हिस या सरकारी खात्याचा अधिकारी असतो. मालमत्तेत घर, गाडी, शिल्लक रक्कम येते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कुणावर दावा करण्याचा तुमचा हक्कसुद्धा कायद्याच्या नजरेत मालमत्ताच आहे. विमा हुकुमाच्या आधी विकला गेला असेल, तर त्यात फसवणूक झाल्याबद्दल भरपाई मागण्याचा हक्क हुकुमाबरोबरच ट्रस्टीकडे गेला. असा काही हक्क आहे, हे त्या दिवशी तुमच्या किंवा ट्रस्टीच्या गावीही नसेल, तरीही.

इथे लोक हमखास अडखळतात. ‘माझी दिवाळखोरी तर वर्षभरात संपली, मला डिस्चार्ज मिळाला, मग आता हे पैसे माझेच ना?’ नाही. डिस्चार्ज साधारण 12 महिन्यांनी आपोआप मिळतो. त्याने तुम्ही कर्जातून सुटता, पण ट्रस्टीकडे गेलेली मालमत्ता परत येत नाही. आंब्याची बाग दुसऱ्याच्या नावावर झाली, की दहा वर्षांनी लागलेला आंबाही बागेच्या नव्या मालकाचाच. क्लेम कंपनीने काय केलं? तुमच्या सांगण्यावरून त्या बागेतला आंबा उतरवला, पैसे मालकाच्या हाती गेले, आणि दलाली मागायला ती तुमच्या दारात आली.

(सगळी देणी, खर्च आणि व्याज फिटून काही उरलं, तर ते मूळ माणसाला परत मिळतं. पण असं क्वचितच होतं. दिवाळखोरी रद्दच झाली असेल, तर मात्र गणित वेगळं. मालमत्ता तुमच्याकडे परत येते आणि त्याबरोबर फीचा प्रश्नही.)

तीन तारखा

एक कागद घ्या आणि त्यावर तीन तारखा लिहा. कर्ज किंवा विमा कधी घेतला. क्लेम कंपनीच्या करारावर सही कधी केली. दिवाळखोरीचा हुकूम कधी झाला. हुकुमाची प्रत हरवली असेल तर ऑफिशियल रिसीव्हरच्या कार्यालयाकडे विचारा. इन्सॉल्व्हन्सी रजिस्टरवर नाव शोधण्यात वेळ घालवू नका, डिस्चार्जनंतर तीन महिन्यांनी ते तिथून काढून टाकतात.

पहिली तारीख हुकुमाच्या नंतरची असेल, म्हणजे दिवाळखोरी आटोपल्यावर तुम्ही नवीन कर्ज घेतलं आणि त्यात फसवणूक झाली, तर भरपाई सहसा तुमची आणि कराराप्रमाणे फीसुद्धा तुमची. तिथे फार तर फीचा दर तपासायचा. बाकीचा लेख पहिली तारीख हुकुमाच्या आधीची आहे, असं धरून वाचा. मग सगळं वळण घेतं ते कंपनीच्या करारावरच्या सहीवर.

सही हुकुमाच्या आधीची असेल तर

हे सगळ्यांत भक्कम प्रकरण. समजा, मार्च 2016 मध्ये करार केला, ऑक्टोबर 2016 मध्ये दिवाळखोरीचा हुकूम झाला आणि 2018 मध्ये बँकेने भरपाई मंजूर केली. कंपनी म्हणते, ‘आमची फी 2018 मध्ये देय झाली, ती दिवाळखोरीनंतरची आहे, म्हणून द्यावी लागेल.’ ऐकायला बरोबर वाटतं. पण कायद्याच्या कलम 382 मध्ये दिवाळखोरीतल्या देण्याची व्याख्या आहे आणि ती मुद्दाम रुंद ठेवली आहे. हुकुमाच्या दिवशी असलेली देणी तर त्यात येतातच, शिवाय हुकुमाआधी पत्करलेल्या बंधनातून जी देणी नंतर उभी राहतील तीही येतात. बंधन मार्च 2016 मध्ये पत्करलं, ‘दावा जिंकलो तर इतके टक्के देईन’ असं. जिंकणं नंतर झालं, इतकंच. म्हणजे ही फी दिवाळखोरीतलं देणं ठरते, आणि कलम 281 प्रमाणे डिस्चार्जने तुम्ही त्यातून सुटता.

कंपनीने काय करायचं? बाकीच्या धनकोंप्रमाणे रांगेत उभं राहायचं. ट्रस्टीकडे आपला दावा, ज्याला प्रूफ ऑफ डेट म्हणतात, तो दाखल करायचा. मिळेल तेवढं घ्यायचं. तुमच्या पगारातून मागायचं नाही.

यात एक सापळा आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. कंपन्या अधूनमधून ‘कागदपत्रं अद्ययावत करायची आहेत’ म्हणून नवीन अधिकारपत्र पाठवतात. हुकुमानंतर तुम्ही तशा कागदावर सही केली असेल, तर कंपनी तो नवा करार असल्याचं म्हणू शकते. त्या कागदात खरोखर काय लिहिलं आहे ते नीट वाचा. नुसतं ‘बँकेशी बोलायला परवानगी देतो’ एवढंच असेल तर तो फीचा नवा करार होत नाही, असं ठामपणे मांडता येतं.

सही हुकुमाच्या नंतरची असेल तर

इथे प्रश्न चिकट होतो. करार हुकुमानंतरचा, त्यामुळे फी दिवाळखोरीतलं देणं नाही. डिस्चार्जची ढाल चालत नाही. कागदोपत्री तुम्ही बांधील दिसता. तरीही फी नाकारायला बळकट मुद्दे असतात, आणि ते करार बघितल्याशिवाय सापडत नाहीत.

पहिला मुद्दा, त्यांनी विचारलं होतं का? ज्यांचा धंदाच दावे करण्याचा आहे, त्यांना दिवाळखोर माणसाचा दावा ट्रस्टीचा असतो हे माहीत असायलाच हवं. फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी, म्हणजे एफसीए, 1 एप्रिल 2019 पासून या कंपन्यांवर देखरेख ठेवते. ग्राहकाच्या हिताने वागा, स्पष्ट आणि दिशाभूल न करणारी माहिती द्या, ही तिची मूलभूत अट आहे. 31 जुलै 2023 पासून लागू झालेली ‘कन्झ्युमर ड्यूटी’ त्याच्याही पुढे जाते. आणि कन्झ्युमर राइट्स ॲक्ट 2015 च्या कलम 49 प्रमाणे कोणतीही सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यावी लागते. ज्या दाव्यातून ग्राहकाच्या पदरात काहीच पडणार नाही, तो दावा एक साधा प्रश्न न विचारता चालवणं ही वाजवी काळजी नव्हे.

प्रश्न विचारला असेल, तर तो नेमका कोणत्या शब्दांत विचारला ते बघा. एका मागणीपत्रासोबत आलेला फॉर्म माझ्यासमोर आहे. त्यात एक चौकट: ‘तुम्ही सध्या दिवाळखोर आहात का? हो / नाही.’ ज्यांना चार वर्षांपूर्वी डिस्चार्ज मिळाला आहे, अशा बाईंनी ‘नाही’वर खूण केली. उत्तर शंभर टक्के खरं. आता कंपनी म्हणते, ‘तुम्ही आमच्यापासून दिवाळखोरी लपवली.’ लपवली कुठे? ‘तुम्ही पूर्वी कधी दिवाळखोर होता का?’ असं विचारलंच नाही. चुकीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर देणं हा ग्राहकाचा दोष नाही, आणि तक्रारीत हे असंच लिहायला हवं.

मात्र ‘पूर्वी कधी’ असं स्पष्ट विचारलं होतं आणि तुम्ही जाणूनबुजून ‘नाही’ म्हटलं असेल, तर तुमची बाजू लंगडी आहे. तेव्हा फी पूर्ण माफ होण्याची आशा न धरता ती कमी करून घेण्याचा, हप्ते पाडून घेण्याचा प्रयत्न करावा. आणि हे सगळं लेखी करावं.

दुसरा मुद्दा, फीचं कलम. काही करारांत लिहिलेलं असतं, ‘तुमच्यासाठी मिळवलेल्या रकमेच्या इतके टक्के’. काहींत, ‘तुम्हाला मिळालेल्या रकमेच्या’. तर काही हुशार करारांत, ‘रक्कम तुम्हाला मिळो, तुमच्या कर्जात वळती होवो किंवा त्रयस्थाला दिली जावो, फी देय राहील’. पहिल्या दोन प्रकारांत तुमचा मुद्दा उघड आहे: मला काही मिळालं नाही, माझ्यासाठी काही मिळवलं गेलं नाही. कलमाचे दोन अर्थ निघत असतील, तर ग्राहकाच्या फायद्याचा अर्थ धरायचा, असं कन्झ्युमर राइट्स ॲक्टचं कलम 69 सांगतं. तिसऱ्या प्रकारचं कलम असेल, तर ते ठळकपणे दाखवलं होतं का, त्याचा परिणाम समजावला होता का, आणि ते कलम 62 प्रमाणे न्याय्य आहे का, हे प्रश्न विचारता येतात. आठव्या पानावर बारीक अक्षरांत छापलेली ओळ ‘ग्राहकाला सांगितलं होतं’ या सदरात सहज बसत नाही.

तिसरा मुद्दा, कंपनीला कळलं कधी? बरेचदा बँक मधेच कळवते की ग्राहक दिवाळखोर झालेला आहे. ते कळल्यावर कंपनीने तुम्हाला सावध करायला हवं होतं. तसं न करता ती काम रेटत राहिली असेल, तर त्यानंतरच्या कामाची फी मागणं आणखी अवघड होतं.

वळतं करून घेण्याबद्दल थोडं. काही वेळा बँक पैसे ट्रस्टीलाही देत नाही, स्वतःच्या जुन्या थकबाकीतच कापून घेते. इन्सॉल्व्हन्सी ॲक्टचं कलम 323 तिला दिवाळखोरीत तशी मुभा देतं. कंपनी मग म्हणते, ‘तुमचं कर्ज कमी झालं, हा फायदाच की!’ पण डिस्चार्जने ते कर्ज तुमच्यापुरतं आधीच संपलेलं असेल, तर त्यातून कमी झालेले 4,000 पौंड तुमच्या काय कामाचे? फायदा झाला तो बँकेचा. हा मुद्दा तक्रारीत ठासून मांडा.

दर तरी बरोबर आहे का?

फी लागू होते की नाही यावर वाद चालू असतानाच दरही तपासून ठेवा. पीपीआयसाठी 10 जुलै 2018 पासून 20 टक्के अधिक व्हॅट ही कमाल मर्यादा आहे. त्याआधी पंचवीस-तीस टक्के आणि वर व्हॅट असे दर सर्रास होते. बाकीच्या आर्थिक दाव्यांसाठी 1 मार्च 2022 नंतर केलेल्या करारांना टप्पे आहेत: भरपाई 1,500 पौंडांच्या आत असेल तर 30 टक्के, पण 420 पौंडांपेक्षा जास्त नाही, 1,500 ते 9,999 पौंडांवर 28 टक्के आणि कमाल 2,500 पौंड. रक्कम वाढेल तसा टक्का उतरतो. व्हॅट यात धरलेला नाही.

शिवाय एफसीएच्या रजिस्टरवर कंपनीचं नाव शोधा. सही 1 एप्रिल 2019 ची किंवा त्यानंतरची असेल आणि त्या दिवशी तिच्याकडे परवानगीच नव्हती असं निघालं, तर फायनान्शियल सर्व्हिसेस अँड मार्केट्स ॲक्टच्या कलम 26 प्रमाणे तो करार तुमच्यावर लादता येत नाही.

पैसे चुकून तुमच्याच खात्यात आले तर

हे होतं, आणि इथे सरळ वागण्यातच शहाणपण आहे. बँकेला दिवाळखोरी माहीत नसते, ती तुमच्या खात्यात रक्कम टाकते. क्लेम कंपनी लगेच फी मागते. त्या पैशातून फी भरू नका, घरखर्चालाही वापरू नका. पैसे ट्रस्टीचे आहेत. ट्रस्टीला माहिती देण्याचं, सहकार्य करण्याचं तुमचं कर्तव्य इन्सॉल्व्हन्सी ॲक्टच्या कलम 333 प्रमाणे डिस्चार्जनंतरही चालू राहतं. पैसे खर्च करून बसलात, तर ऑफिशियल रिसीव्हर संपूर्ण रक्कम मागेल आणि कंपनीला दिलेली फी तुमच्या खिशातून जाईल. ऑफिशियल रिसीव्हरला ईमेल करा, केस नंबर लिहा, रक्कम आणि तारीख लिहा, फीचं बिल सोबत जोडा आणि पैसे कुठे पाठवायचे ते विचारा. कंपनीने फी आधीच कापून उरलेले पैसे दिले असतील, तर तेही त्याच ईमेलमध्ये सांगा. कापलेल्या रकमेचं काय करायचं ते मग ट्रस्टी आणि कंपनी यांच्यातलं बघणं आहे.

तक्रार लिहिण्याआधी कागद मागवा

तक्रारीच्या आधी एक पाऊल आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं तेच. माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही कंपनीकडे तुमच्याबद्दलची सगळी माहिती मागू शकता. याला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात. फी नाही, आणि साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. सहीचा करार, भरून घेतलेले फॉर्म, बँकेशी झालेला पत्रव्यवहार आणि विशेषतः पहिल्या फोनचं रेकॉर्डिंग मागा. दिवाळखोरीबद्दल विचारलं होतं की नाही, हे त्या रेकॉर्डिंगमध्ये असतं. कंपनीकडे ते नसेल, तर ‘आम्ही विचारलं होतं’ हे तिचं म्हणणं उघडं पडतं.

मग तक्रार. पत्र इंग्रजीत आणि छोटं असावं. त्यातला आशय असा ठेवा:

‘तुमचं अमुक तारखेचं बिल मला मान्य नाही. माझ्या दिवाळखोरीचा हुकूम अमुक तारखेला झाला. दाव्याचा हक्क तेव्हाच ट्रस्टीकडे गेला होता. भरपाई ऑफिशियल रिसीव्हरला मिळाली, मला काहीही मिळालेलं नाही. आपला करार हुकुमाआधीचा असल्याने तुमची मागणी दिवाळखोरीतलं देणं आहे, ती ट्रस्टीकडे नोंदवावी. [किंवा: करार करताना तुम्ही माझ्या पूर्वीच्या दिवाळखोरीबद्दल विचारलं नाही आणि परिणामांची कल्पना दिली नाही.] ही औपचारिक तक्रार समजावी. बिल रद्द केल्याचं लेखी कळवावं आणि तोवर वसुली थांबवावी.’

रडगाणं नको, शिव्या नकोत. ‘मी देणं लागतो, पण सध्या जमत नाही’ असं तर चुकूनही लिहू नका. करारातल्या देण्यासाठी कोर्टात जायची मुदत इंग्लंड-वेल्समध्ये सहा वर्षांची आहे. देणं लेखी कबूल केलं किंवा थोडेसे पैसे भरले, की ती मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. पीपीआयची शेवटची तक्रार 2019 मधली, त्यामुळे कित्येक जुन्या बिलांची मुदत संपत आली आहे किंवा संपलीही आहे. नेमकी हीच बिलं विकत घेणारे वसुलीवाले आता फोनवर ‘फक्त दहा पौंड भरा, मग बघू’ म्हणतात.

कंपनीला अंतिम उत्तर द्यायला आठ आठवडे असतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे आर्थिक कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे जा. अंतिम उत्तराच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत जायला हवं. ग्राहकाला तिथे काहीही खर्च नाही, वकील लागत नाही. ओम्बड्समन नुसता करार वाचत नाही, या प्रकरणात न्याय्य काय हे बघतो, म्हणून ‘काय विचारलं, काय सांगितलं’ या मुद्द्यांना तिथे वजन असतं. दावा चालवणारी सॉलिसिटरची फर्म असेल, तर मात्र दार वेगळं: लीगल ओम्बड्समन.

वसुलीवाले आणि कोर्टाचे कागद

वसुली एजन्सीच्या माणसाला बेलिफचे अधिकार नसतात. कोर्टाच्या निकालाशिवाय तो तुमच्या घरातल्या चमच्यालाही हात लावू शकत नाही. त्याला एकच वाक्य लेखी कळवा: ‘हे देणं मला मान्य नाही, मूळ कंपनीकडे तक्रार चालू आहे.’ सोबत तक्रारीची प्रत जोडा.

कोर्टाचे कागद मात्र कधीही बाजूला टाकू नका. दाव्याआधीचं पत्र आलं, तर सोबतचा उत्तराचा फॉर्म 30 दिवसांत भरून पाठवा. कौंटी कोर्टाचा दावा बजावला गेला, तर 14 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. दावा मिळाल्याची पोच भरून पाठवली तर एकूण 28 दिवस मिळतात. काहीच केलं नाही, तर कंपनीला तुमची बाजू न ऐकताच निकाल मागून घेता येतो आणि तो सहा वर्षं रेकॉर्डवर राहतो, तुमचा मुद्दा कितीही खणखणीत असला तरी. ब्रिटन सोडून पुण्या-नाशिकला परतलेल्यांनी तर जास्तच जपावं. दावा शेवटच्या ज्ञात पत्त्यावर बजावता येतो. कागद जुन्या घराच्या दाराआड पडून राहतात आणि निकाल लागून जातो. कंपनीला नवा पत्ता आणि ईमेल कळवून ठेवा. असा निकाल लागलाच, तर तो रद्द करण्यासाठी एन 244 या फॉर्मवर अर्ज करता येतो. कळल्याबरोबर करायचा, उशीर महागात पडतो.

घाबरला असाल तर नॅशनल डेटलाइन, स्टेपचेंज, सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्था फुकट सल्ला देतात. फी घेऊन ‘फी रद्द करून देऊ’ म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका.

आयव्हीए आणि स्कॉटलंड

दिवाळखोरीऐवजी आयव्हीए, म्हणजे धनकोंशी ठरलेला हप्त्यांचा करार केला असेल, तर वरचे नियम जसेच्या तसे लागत नाहीत. तिथे आयव्हीएच्या अटींवर सगळं अवलंबून असतं. ग्रीन विरुद्ध राइट या 2017 च्या निकालात अपील न्यायालयाने म्हटलं, की आयव्हीए पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यानंतर आलेली पीपीआयची रक्कमही धनकोंसाठीच राखलेली आहे. स्कॉटलंडमध्ये उलटं घडलं. तिथल्या प्रोटेक्टेड ट्रस्ट डीडच्या, म्हणजे आयव्हीएसारख्याच धनकोंशी केलेल्या व्यवस्थेच्या, एका प्रकरणात, डूनीन विरुद्ध मॉन्ड, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये ठरवलं, की ट्रस्टीने शेवटचं वाटप केल्यावर ट्रस्ट संपला, म्हणून नंतर सापडलेली भरपाई कर्जदाराची. भरपाई तुमची असेल तर फी नाकारायचा मुख्य आधारच जातो. म्हणून इंग्लंडमधल्या मित्राचं पत्र बघून ग्लासगोहून तसंच पत्र पाठवू नका.

आता कार फायनान्स

पीपीआय मागे पडलं, पण हाच प्रकार गाड्यांच्या कर्जांबाबत पुन्हा घडायची चिन्हं आहेत. डीलरला लपवून दिलेल्या कमिशनबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑगस्ट 2025 ला निकाल दिला आणि ऑक्टोबरमध्ये एफसीएने भरपाई योजनेचा मसुदा मांडला. दावा करायला कंपनीची गरज नाही, कंपनीमार्फत गेलात तर भरपाईचा 30 टक्क्यांहून मोठा वाटा जाऊ शकतो, असं एफसीए वारंवार सांगते आहे. तरी ‘2014 मध्ये गाडी घेतली होती का?’ अशा जाहिरातींचा मारा चालूच आहे.

2014 मध्ये गाडी कर्जावर घेतली आणि 2017 मध्ये दिवाळखोरी झाली, अशा माणसाने त्या जाहिरातीवर नाव-पत्ता भरला, तर तीनही तारखा त्याच्या विरुद्ध जातील: हक्क ट्रस्टीचा, करार हुकुमानंतरचा, फी त्याच्या डोक्यावर. अशांनी आधी ऑफिशियल रिसीव्हरला कर्जाची माहिती कळवावी: कर्ज देणारी कंपनी, वर्ष, गाडीचा नंबर, आपला केस नंबर. कोणत्याही फॉर्मवर आधीच सही झाली असेल आणि 14 दिवस उलटले नसतील, तर आजच करार रद्द केल्याचा ईमेल पाठवावा. 14 दिवस उलटले असतील तरी पाठवावा, आणि त्यात दिवाळखोरीची तारीख स्पष्ट लिहावी. मग कंपनी झालेल्या कामापुरतंच वाजवी शुल्क मागू शकते, आणि ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायला तिला जागा उरत नाही.